मंगलचं रक्त का वाढेना

"सिस्टर, पिशवी लावा म्हणतोय न्हवं मी! माझं रक्त घ्या, पर हिला हुभी करा."

दत्ताभाऊ डायलिसिस युनिटच्या दारातून हलायला तयार नव्हते. आत त्यांची धाकटी बहीण मंगल मशीनवर होती. हिमोग्लोबिन साडेसहा. निमगाव केतकीत ती दूध संकलन केंद्र चालवायची. आता दहा पावलांत दम लागत होता.

मी बारामतीच्या या युनिटची इन्चार्ज सिस्टर. भाऊंना म्हटलं, "किडनी तुम्हीच देणार ना? बाहेरचं रक्त चढवलं की कधीकधी अंगात अँटिबॉडीज तयार होतात. मग तिचं शरीर तुमची किडनी घेणार नाही. म्हणून जमेल तितकं टाळतोय."

ते दारातून बाजूला झाले.

किडनी एक हार्मोन बनवते. 'रक्त तयार कर' हा निरोप ते हाडांतल्या मगजाला देतं. किडनी निकामी झाली की निरोप थांबतो, म्हणून ते हार्मोन आम्ही इंजेक्शनने देतो. मंगलचा डोस दोनदा वाढवला. लोह ठीक, रक्तस्राव कुठे नाही. तरी आकडा हलेना.

नेफ्रॉलॉजिस्ट सर राउंडला आले तेव्हा मी सांगितलं, "सर, ही सारखी अंग खाजवते. नडग्या ठणकतात म्हणते."

"पीटीएच पाठवा. फॉस्फरसपण."

पीटीएच हे दुसरं हार्मोन. गळ्यातल्या चार बारीक ग्रंथी ते सोडतात. रक्तात फॉस्फरस साचला की ते बेसुमार वाढतं, हाडं पोखरतं, आणि मग इंजेक्शनचाही गुण येत नाही. मंगलचे दोन्ही रिपोर्ट खूप वाढलेले आले.

"फॉस्फरस कमी करायची गोळी चालू असून?" सरांनी माझ्याकडे बघितलं.

मी मंगलला विचारलं, "गोळ्या कधी घेतेस गं?"

"पहाटं, केंद्र उघडायच्या आदी. तिन्ही एकदमच. मागनं ध्यानात ऱ्हात न्हाय."

"जेवताना नाही?"

"जेवताना कशापायी? तवा तर भाऊनं आणल्यालं दूध घेती, शेंगदाण्याचं लाडू खाती. रक्त वाढावं म्हणून."

ती गोळी अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते. उपाशीपोटी तिचा उपयोग शून्य. आणि दूध, शेंगदाण्यात फॉस्फरस भरपूर.

शेजारी उभ्या भाऊंचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच तिला..."

"तुम्ही नाही, भाऊ," मी म्हटलं. तिच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'दिवसातून तीन'. 'जेवताना' हा शब्द मी लिहिलाच नव्हता.

सरांना तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आज सगळ्यांची कार्डं तपासा." आणखी चौघंजण तसंच करत होते.

मंगलचं दूध, लाडू बंद झाले. गोळ्या घासाबरोबर सुरू झाल्या, ग्रंथींसाठी वेगळं औषध लागलं. पहिला महिना काही नाही. दुसऱ्या महिन्यात साडेसात. पाचव्यात दहा. पिशवी एकही लागली नाही. तिचं शरीर भावाची किडनी घेईल का हे बघणारी क्रॉसमॅच तपासणी चांगली आली आणि पुण्यात ऑपरेशन झालं.

परवा ती तपासणीला आली होती, जिना चढून. इंजेक्शन आता लागत नाही. भावाची किडनी ते हार्मोन स्वतःच बनवते.

औषध लागू पडत नाही असं फाइलवर लिहिण्याआधी मी हल्ली एक प्रश्न विचारते, "कशाबरोबर घेता?"