भरलेली बॅटरी

व्हॅलेरियन तुस्कानोला गाडीची काडीचीही गरज नव्हती. घर बहारीनमध्ये, गुदैबियात, नोकरी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये, आणि हॉस्पिटलची बस कोपऱ्यावरच थांबायची. भाजी, मासे, पाव सगळं चार पावलांवर. तरी एकोणऐंशी साली त्याने क्रीम रंगाची एक जुनी डॅटसन घेतली. का, तर वसईला त्याच्या साडूने स्कूटर घेतली होती. असल्या कारणासाठी माणसं गाड्या घेतात आणि मग जन्मभर त्या पुसत बसतात.

माणूस वाईट नव्हता. स्टोअरमध्ये त्याच्या हातून कापसाचं बंडलसुद्धा इकडचं तिकडे झालं नाही. घरी फ्लॉरेन्सला भांडी घासू लागायचा, मुलीचे, बेनिटाचे, शाळेचे बूट स्वतः पॉलिश करायचा. फक्त 'लोक काय म्हणतील' या एका गोष्टीने त्याला आयुष्यभर छळलं. कोणी काही म्हणत नसलं तरी तो कान टवकारून असायचा.

गाडी निघायची ती शुक्रवारी. बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून आपली रविवारची देवळातली मिस्साही शुक्रवारीच. एरवी आठवडाभर ती बिल्डिंगच्या सावलीत उभी. ही सावलीची जागा मोठ्या नशिबाने मिळाली होती, गाडी हलवली की दुसरा कोणी तिथे घुसणार, म्हणून व्हॅलेरियन ती हलवत नसे. मग बॅटरी उतरायची. त्यावर त्याने उपाय काढला होता. रोज संध्याकाळी खाली जायचं, सेल्फ मारायचा, दिवे लावून, कॅसेट लावून जागच्या जागी थोडा वेळ इंजिन घुरघुरवायचं आणि बंद करून वर यायचं. सेल्फ मारताना बॅटरी जितकी खर्च होते तितकी अशी भरून निघत नाही, गाडी चांगली फिरवून आणावी लागते, हे त्याला पुष्कळांनी सांगितलं. "इंजिन चालू म्हणजे चार्जिंग चालू," हे त्याचं उत्तर ठरलेलं. जो चार्ज करायला जायचा तोच रोज थोडी थोडी बॅटरी संपवत होता, आणि हे ऐकून घेण्याइतकंही मन त्याला मोठं करता आलं नाही.

त्यामुळे शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमध्ये एक रीतच पडून गेली. फ्लॉरेन्स आणि बेनिटा नटूनथटून मागे बसायच्या, व्हॅलेरियन टाय लावून चाकाशी, सेल्फ नुसता टकटक करायचा, आणि मग खालच्या मजल्यावरचा ताहिर चहाचा कप खिडकीत ठेवून लुंगी खोचत बाहेर यायचा.

"यल्ला, चला, नजीब! हुसेन! व्हॅलीची गाडी मिस्सेला चालली रे!"

ताहिर रत्नागिरीकडचा, एका व्यापाऱ्याकडे क्लार्क. हसतमुख, आडदांड, गळा मोठा. तो हाक मारायचा आणि तीन कोकणी मुसलमान मिळून एका वसईकर ख्रिस्त्याला देवळाकडे ढकलायचे. त्यात कोणाला काही वाटत नव्हतं, उलट मजाच वाटायची. व्हॅलेरियनला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या हाकेने वरच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. आरशात त्याला ताहिरचा हसरा चेहरा दिसायचा आणि तो मनात म्हणायचा, एक दिवस असा येऊ दे की या माणसाचा हात माझ्या गाडीला लागायला नको.

तो दिवस त्याने ठरवला बेनिटाच्या पहिल्या कम्युनियनचा, देवळात तिला पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद मिळायचा तो शुक्रवार. त्यासाठी मनामाच्या बाजारातून त्याने बॅटरी चार्जर आणला. बॅटरी काढून, गोणपाटात गुंडाळून वर आणली, बाल्कनीत चार्जिंगला लावली. फ्लॉरेन्स अॅसिडच्या वासाने नाक मुरडत राहिली. बुधवारी संध्याकाळी त्याने ती परत बसवली, सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. लगेच बंद करून त्याने दारं लावली. आता थेट शुक्रवारी. बेनिटाच्या पांढऱ्या फ्रॉकला डाग नको म्हणून मागच्या सीटला पांढरंशुभ्र नवं कव्हरही घातलं होतं.

गुरुवारी दुपारी जेवणं होत होती, तेव्हा ताहिर धापा टाकत वर आला. त्याची बायको मसूदा गरोदर होती. आधी दोनदा तिचं मूल राहिलं नव्हतं, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आणि या खेपेला सगळ्याच बायका तिला जपत होत्या.

"व्हॅली, मसूदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. अजून महिना आहे रे. हमरस्त्यापर्यंत धावत जाऊन आलो, या वेळेला टॅक्सी मफी, एकही नाही. गाडी काढ."

व्हॅलेरियनच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? मसूदा नाही. पांढरं कव्हर आलं. पाणी फुटलं, रक्त लागलं तर? आणि बॅटरी. आज गाडी काढली, तिकडे बंद करून पुन्हा सेल्फ मारावा लागला आणि उद्या सकाळी तो टकटकला तर?

"बॅटरी उतरलीय रे," तो म्हणाला.

हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की खोटं बोलायला त्याला जोरही लावावा लागला नाही. मागे फ्लॉरेन्स भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. कालच गाडी चालू झाल्याचं त्याने तिलाच तर कौतुकाने सांगितलं होतं. पण तिच्याही डोक्यात तो फ्रॉक होता. ती भात वाढायला वळली.

ताहिरचा चेहरा उजळला.

"एवढंच ना? अरे, मग आम्ही कशाला आहोत? तू चावी घेऊन खाली ये!"

आता व्हॅलेरियनला तोंड फिरवायला जागा उरली नाही. तो खाली गेला. शेजारच्या हमीदाने आणि फ्लॉरेन्सने मसूदाला धरून आणलं आणि मागच्या सीटवर आडवं केलं. तिचा ओठ दातांखाली दाबलेला होता. "व्हॅलेरियनभाई, तुम्हाला जेवणावरून उठवलं," ती म्हणाली. हमीदा तिच्या शेजारी बसली.

चावी लावली. थोडी पुढे फिरवली की गाडी चालू होणार होती. पण चालू झाली तर खोटं उघडं पडणार. म्हणून तो चावी अर्धीच फिरवून, घामाघूम होऊन, ब्रेकवर पाय रोवून बसला. मागे ताहिर, नजीब आणि हुसेन भर दुपारच्या उन्हात गाडीला खांदा देऊन उभे.

"ब्रेक सोड, व्हॅली!" ताहिर ओरडला. "ब्रेक सोड!"

त्याने पाय काढला. तीन माणसांनी ती धडधाकट गाडी गल्लीभर ढकलत नेली. मागे मसूदा कण्हत होती, आणि प्रत्येक कण्हण्यासरशी व्हॅलेरियनला वाटत होतं की आता चावी फिरवावी, आता फिरवावी. नाही फिरवली. वळणापाशी त्याने क्लच सोडला, इंजिन धडधडलं, ताहिर पळत येऊन शेजारी बसला आणि त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणाला, "शाबास."

हॉस्पिटलच्या दारात मसूदाला स्ट्रेचरवर घेतलं. ते आत गेल्याबरोबर व्हॅलेरियनने आधी काय केलं असेल, तर मागचं दार उघडून सीट पाहिली. कव्हर कोरडं होतं. त्याला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की तो तिथेच पार्किंगमध्ये डोकं धरून बसला. आपण बाईच्या कळांपेक्षा कापड जपलं, हे त्याने पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. दुसऱ्या कोणाशी करायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी बातमी आली. मुलगी झाली, लहानखुरी आहे, पण बाळबाळंतीण सुखरूप. बिल्डिंगमध्ये सगळे व्हॅलेरियनची पाठ थोपटून गेले. "तुझी गाडी होती म्हणून निभावलं," हुसेन म्हणाला. फ्लॉरेन्स स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

शुक्रवारी सकाळी बेनिटा पांढरा फ्रॉक, डोक्यावर व्हेलची जाळी घालून मागे बसली, शेजारी फ्लॉरेन्स. व्हॅलेरियन दार उघडून आत बसणार, तेवढ्यात ताहिर दिसला. हॉस्पिटलमधून आत्ताच आला असावा. कालचाच चुरगळलेला शर्ट, डोळे लाल. सरळ गाडीच्या मागे जाऊन त्याने डिकीवर दोन्ही हात ठेवले. आज त्याने कोणाला हाक मारली नव्हती.

व्हॅलेरियन मागे गेला. "नको रे ताहिर. तू दमलायस. आज ती चालू होईल."

"होईल ना. कालही झाली असती," ताहिर म्हणाला.

व्हॅलेरियनने आधी वरच्या खिडक्यांकडे पाहिलं.

"ब्रेकवर पाय होता तुझा. मागचे लाल दिवे इथे, माझ्या हातापाशी, लखलखीत लागले होते. उतरलेल्या बॅटरीचे दिवे असे लागतात? इतकी वर्षं ढकलतोय मी ही गाडी."

"मग... मग बोलला का नाहीस? ढकललीस कशाला?"

"मसूदा आत होती," ताहिर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "तुझ्याशी भांडत बसलो असतो तर तेवढा उशीर झाला असता. ढकलणं लवकर होत होतं."

"ताहिर, मी..."

"आज नको, व्हॅली. पोरीचा दिवस आहे." त्याने डिकीवरून हात काढले, शर्टाला पुसले आणि खिडकीतून बेनिटाकडे बघून हसला. "जा. फादर थांबणार नाहीत."

व्हॅलेरियन चाकाशी बसला. चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली, एकही खिडकी उघडली नाही. बेनिटाने आनंदाने टाळ्या वाजवल्या. फ्लॉरेन्स समोर बघत होती. गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत व्हॅलेरियनने एकदाही आरशात पाहिलं नाही.