वंदनाताईंनी दारात अडवलं तेव्हा

वंदनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात ड्यूटीवर होते. अमरावतीला, लेकीच्या घरी, हार्ट अटॅक. फोन ठेवला आणि समोरच्या पेशंटचं सलाइन बदललं... महिना होत आला, अजून कुठे नीट बसवत नाही.

वंदना तायडे आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. ज्या साली आमच्या भागात शेतातलं सोयाबीन सडलं, त्याच साली कोरोना आला. आम्हा नर्सेसना संसर्ग होऊ नये, ही जबाबदारी त्यांच्यावर होती. दारात उभ्या राहून त्या प्रत्येकीचे हातमोजे, मास्क, किट तपासायच्या. एका दुपारी चांदूर रेल्वे गावच्या एका पेशंट बाईंनी ऑक्सिजनचा मास्क ओढून फेकला. काचेतून मला त्यांची तडफड दिसत होती, आतली सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेली. मी तशीच धावले. ताईंनी दंड घट्ट धरला. "शबाना, किट घातल्याबिगर आत जायचं नाही."

किट चढवून पोचेपर्यंत उशीर झाला होता. लवकर पोचली असतीस तरी त्या कदाचित वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'कदाचित'नं आम्हा दोघींनाही सोडलं नाही. मी पुढे कित्येक दिवस ताईंशी कामापुरतंच बोलले.

साथ ओसरली, पण ताईंचं हात धुणं थांबेना. बोटांची सालं निघाली, झोप उडाली. मनाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणायच्या, आपण नर्स, आपल्याले काय होते. शेवटी मीच त्यांना अमरावतीला नेलं, कारण अकोल्यात कोणी ओळखीचं भेटेल याची त्यांना धास्ती. परतताना एसटीत, बडनेरा मागे पडल्यावर, त्यांनी विचारलं, "त्या दिवशी माह्यं चुकलं का?"

"नाही ताई. पण मले आजही तुमचा राग येते."

त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं. सारे मले चांगलंच केलं म्हणून राहिले... मले ते सोसत नाही."

गोळ्यांनी हात धुणं कमी झालं, बोटं हळूहळू बरी झाली. झोप मात्र पूर्ण कधीच परतली नाही. निवृत्त होण्याआधी त्यांनी आम्हाला एक सवय लावली. ड्यूटी संपली की कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसायचं, दिवसभर जे झालं ते कोणाला तरी सांगायचं, मगच घरी जायचं. सुरुवातीला आम्ही हसायचो.

परवा एक नवी सिस्टर त्या बाकावर बसलेली दिसली. युनिफॉर्म तसाच, एक शब्द बोलेना. माझ्या बसची वेळ झाली होती. मी पर्स खाली ठेवली आणि तिच्याशेजारी बसले.