मास्तरांचे बोलणारे कॉम्प्युटर

नोकरीच्या तेहतीस वर्षांत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. अंधेरीतल्या एका हाउसिंग सोसायटीच्या तळमजल्यावरची खोली, तिथले तीन जुने कॉम्प्युटर आणि त्यांच्यापुढे बसलेले सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ मात्र अजून तसेच्या तसे डोळ्यांसमोर आहेत. संबंधितांची नावं मी देणार नाही. त्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

मास्तर जन्मापासून दृष्टिहीन. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते, गिरणी बंद पडल्यावर एका सरकारी कार्यालयात तेच काम केलं. निवृत्तीनंतर त्यांनी दृष्टिहीन मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात केली. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. त्याच्या भरवशावर त्यांचे विद्यार्थी टाइपिंग करत, ईमेल पाठवत, नोकरीचे अर्ज भरत.

एका बुधवारी सकाळी ठाणे अंमलदारानं मला निरोप दिला, की दृष्टिहीनांचा कॉम्प्युटर वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेचे चिटणीस तक्रार घेऊन आलेत आणि कॉम्प्युटरचं प्रकरण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, त्यामुळे ते कागद माझ्या टेबलावर आले.

तक्रार अशी होती. आठवडाभरापासून वर्गातले कॉम्प्युटर मध्येच जाहिराती बोलायला लागले होते. तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा. तुम्ही बक्षीस जिंकलात, इथे दाबा. डोळस माणूस अशी खिडकी बघतो, वैतागतो आणि बंद करतो. या मुलांना खरं पान कुठलं आणि मध्ये घुसलेली जाहिरात कुठली, हेच कळत नव्हतं. त्यांना सगळं एकाच आवाजात ऐकू येत होतं.

त्यातून खरं नुकसान झालं होतं. घाटकोपरहून येणारी एक मुलगी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरत होती. जाहिरातीच्या सॉफ्टवेअरनं तिला परस्पर भलत्याच पानावर नेलं. ते पान अगदी खऱ्यासारखं वाचलं जात होतं. तिनं नाव, जन्मतारीख, फोन नंबर, ओळखपत्राचा नंबर, सगळं भरून दिलं. दुसऱ्या दिवशी एका माणसाचा फोन आला. अर्ज अपुरा आहे, मोबाइलवर एक ॲप घ्या, आम्ही इथूनच पूर्ण करून देतो, असं तो म्हणाला. मुलगी हुशार. तिनं मास्तरांना विचारून सांगते म्हणत फोन ठेवला. तेव्हा उलगडलं की खरा अर्ज गेलेलाच नव्हता, आणि शेवटची तारीख होती शनिवार.

चिटणीसांचा संशय एकाच माणसावर होता. वर्सोवा कोळीवाड्यातला एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तरुण या वर्गाची मशीन्स फुकट बघत असे. "साहेब, आजकाल फुकट कोण काय करतं?" असं चिटणीस म्हणाले. मलाही ते पटलं.

मी त्या तरुणाला लगेच चौकशीसाठी बोलावलं. सकाळी दहाला आला तो चारपर्यंत माझ्यासमोर होता. तो घाबरला होता, पण उत्तरं सरळ देत होता.

"त्या मशीन तू घरून चालवू शकतोस का?"

"हो साहेब. काही अडलं की प्रत्येक वेळी अंधेरीला येणं जमत नाही. म्हणून मीच तशी सोय करून ठेवलीय. मास्तरांना विचारून."

एवढं वाक्य मला पुरेसं वाटलं. बाहेरून आत शिरायचा रस्ता यानंच ठेवला होता. मी त्याला तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिलो. का केलंस, कोणी सांगितलं, बदल्यात काय मिळालं. तो दर वेळी म्हणत होता, "मी नाही केलं साहेब." शेवटी शेवटी त्याचा आवाज बसला. माझा मात्र निर्णय झालेला होता.

चारच्या सुमारास दारात पांढऱ्या काठीचा टकटक आवाज आला. मास्तर रिक्षानं एकटेच आले होते. कोणी कुठे बसलंय ते विचारायच्या आधीच त्या तरुणाच्या खोकल्याच्या दिशेनं वळले आणि म्हणाले, "हय बसवून ठेवलंत काय त्याका?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि तपास चालू असल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही देवगडकडचे काय ओ? बोलण्यावरून वाटता." मी हो म्हणालो. माझे वडील तिथलेच, तेही गिरणीत होते. त्यानंतर ते शुद्ध मराठीत बोलले, बहुधा जबाब नीट लिहिला जावा म्हणून.

"साहेब, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिन्ही मशीनमधल्या प्रोग्रॅमची यादी स्क्रीन रीडरकडून वाचून घेतो. मला दिसत नाही, त्यामुळे घरात कोण आलं ते मोजून ठेवावं लागतं. या महिन्यात यादी पाठ होती तशीच होती. जाहिराती सुरू झाल्यावर पुन्हा वाचून घेतली. पहिल्या मशीनवर तीन नवीन नावं निघाली. एक फाइल बदलायचं सॉफ्टवेअर, एक शोध घ्यायला मदत करणारं, एक भाव स्वस्त दाखवणारं. यादीत बसवल्याची तारीख असते. तिन्हींची तारीख एक. मंगळवार. आमचा वर्ग मंगळवारी बंद असतो."

"हा घरूनही करू शकतो, मास्तर."

"करू शकतो. पण मंगळवारी वर्गातली वीज मुख्य बटणावरून बंद असते. कोणीतरी आत येऊन चालू केल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे."

दुसरी कोणाकडे, हे मला विचारावं लागलं नाही. चिटणीस बाहेर बाकावर बसले होते.

त्यांना आत बोलावलं. मंगळवारी वर्ग उघडला होता का, एवढंच विचारलं. ते आधी नाही म्हणणार होते असं मला वाटलं. चेहऱ्यावर तसं आलंही. मग त्यांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि खाली बसले.

"हो. वार्षिक अहवालाची पीडीएफ करायची होती. फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं. पहिलंच जे मोठं हिरवं डाउनलोडचं बटण दिसलं ते दाबलं. मग पुढे, पुढे, मान्य आहे, असं दाबत गेलो. वाचलं नाही. नंतर बाकीच्या दोन मशीनवरही तेच घातलं." मग ते मास्तरांकडे वळले, "मीच आणलं हे, मास्तर."

सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसानं पोलीस ठाण्यात, ज्याच्यावर आळ घेतला त्याच्यासमोर असं कबूल करणं सोपं नसतं. माझ्या अनुभवात फार थोड्यांनी केलं आहे. त्यांचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. गुन्हा त्यांचा नव्हता. त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यांनी जाहिराती लपवल्या आणि खोटं पान उभं केलं, गुन्हा त्यांचा होता.

आता एक अडचण होती. कॉम्प्युटर पुरावा म्हणून जप्त केले, तर मुलांचे अर्ज राहणार. स्वच्छ केले, तर पुरावा जाणार. आमच्याकडे सायबरचं प्रशिक्षण घेतलेली एक महिला शिपाई होती. तिनं गुरुवारी पंचांसमोर तिन्ही डिस्कच्या हुबेहूब प्रती काढल्या, पंचनामा झाला, आणि शुक्रवारी सकाळी सफाई करायची ठरलं. तो कोळीवाड्यातला तरुणही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

सफाई मास्तरांनीच केली. माऊसला हातही न लावता, फक्त कीबोर्डवर. आधी इंटरनेटची वायर काढायला लावली. मग नव्या तारखेचे तिन्ही प्रोग्रॅम एकेक करून काढले. काढताना ते प्रोग्रॅम विनवण्या करत होते, जाऊ का खरंच, ठेवा ना, आणि नको असलेलं बटण ठळक करून पुढे सरकवत होते. शिपाई बाई पडदा बघून सांगत होत्या, मास्तर ऐकून खात्री करत होते. त्यानंतर ब्राउझर उघडून त्यात आगंतुक बसलेली एक्स्टेन्शन्स काढली, पहिलं पान आणि शोधयंत्र पूर्ववत केलं, कुठल्या कुठल्या वेबसाइटना सूचना पाठवायची परवानगी दिली गेली होती ती सगळी रद्द केली.

वायर परत जोडली आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटांत तोच आवाज. तुम्ही बक्षीस जिंकलात.

ती मुलगी शेजारीच बसली होती. तिनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मास्तर म्हणाले, "थांब गो. मशीन सुरू झाल्या झाल्या ह्याका कोणतरी उठवता हा. तो शोधूया."

ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची एक यादी कॉम्प्युटरमध्ये असते. तिथं तो सापडला. साधंसं नाव घेऊन बसला होता, सिस्टिमचाच भाग वाटावा असं. तरुण म्हणाला, "मास्तर, हे मी सुद्धा सोडून दिलं असतं." ते काम पुसलं. मग भरवशाच्या सॉफ्टवेअरनं संपूर्ण मशीन तपासलं. पुन्हा सुरू केलं. शांतता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दुपार होईपर्यंत तिन्ही मशीन्स तशीच गप्प होती.

मुलीचे पासवर्ड शिपाई बाईंनी दुसऱ्याच मशीनवरून बदलायला लावले. मग मुलीनं बँकेच्या वेबसाइटचा पत्ता शोधयंत्रात न शोधता एकेक अक्षर टाइप करून घातला, तो दोनदा वाचून घेतला आणि पहिल्यापासून अर्ज भरायला बसली. पाऊण तास लागला. शेवटी स्क्रीन रीडरनं अर्ज क्रमांक वाचला. ती म्हणाली, "पुन्हा वाचू दे." तिनं तो चार वेळा ऐकला. खोलीतल्या आम्ही सहा-सात माणसांनीही तो तिच्याबरोबर चार वेळा ऐकला.

आरोपी अजून मोकळे होते. मुलीला आलेल्या फोनचं सिम भलत्याच माणसाच्या कागदपत्रांवर घेतलेलं निघालं. टॉवरनं अंधेरी पूर्वेचा एक पट्टा दाखवला, पण तिथं औद्योगिक गाळ्यांच्या इमारतींची रांगच आहे. मुलीच्या मोबाइलमध्ये कॉल रेकॉर्ड झाला होता. आमच्या लोकांनी तो ऐकून बोलणाऱ्याचा आवाज तेवढा नोंदवला होता. मास्तरांनी तो मागितला. आयुष्यभर लाइनच्या पलीकडचं ऐकण्यात गेलेला माणूस तो. डोकं एका बाजूला झुकवून तीनदा ऐकलं.

"बोलणाऱ्याला सोडा, मागचं ऐका. विमान अगदी खालून जातंय, दोनदा. लाकूड कापायचं मशीन चालू आहे, बहुतेक खालच्या मजल्यावर. आणि लिफ्टचं दार कोणीतरी उघडं टाकलंय. लिफ्टच्या रेकॉर्डमधली बाई बोलतेय, कृपया दरवाज़ा बंद कीजिए. पण तिचा आवाज रखडतोय. 'बंद'वर अडकतो."

साध्या वेशातले दोन शिपाई त्या पट्ट्यात पाठवले. तळाला फर्निचरचा कारखाना असलेल्या इमारती चार निघाल्या. तिसऱ्या इमारतीत लिफ्ट 'बंद'वर अडकत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात पाच माणसं हेडफोन लावून बसली होती. भिंतीला लागून असलेल्या कॉम्प्युटरवर तेच खोटं अर्जाचं पान होतं आणि तेच फाइल बदलायचं सॉफ्टवेअर, पुढच्या लोकांसाठी तयार. मुद्देमाल जप्त करताना त्यांच्या मुख्य माणसानं मला विचारलं, "साहेब, टिप कोणी दिली?"  खरं सांगितलं असतं तरी त्यानं विश्वास ठेवला नसता.

दोषारोपपत्र दाखल झालं. मुलीनं पहिली परीक्षा पार केली, दुसरीत थोडक्यात राहिली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसून नोकरीला लागली. वर्गात आता नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर ते मूळ कंपनीच्या साइटवरूनच घेतात, आणि बसवताना प्रत्येक पायरी मोठ्यानं वाचून आधीच टिक केलेला चौकोन असेल तर टिक काढतात. चिटणीसच ते वाचतात. मी घरच्या कॉम्प्युटरवर तेच करतो. बायको म्हणते, एवढं काय वाचता? मी वाचतो. या चोरांना कुलूप तोडावं लागत नाही, आपण घाईत मान्य आहे म्हणतो आणि ते आत येतात.

एक काम राहिलं होतं. एका रविवारी सकाळी साध्या कपड्यांत मी वर्सोव्याला गेलो. कोळीवाड्यात बोंबील वाळत होते. तो तरुण वडिलांच्या होडीजवळ बसून कोणाचा तरी लॅपटॉप उघडून बघत होता. मला बघून उठला. मी म्हणालो, "त्या दिवशी माझी चूक झाली. ते सांगायला आलोय." अधिकाऱ्याच्या तोंडून असं वाक्य सहज निघत नाही, मलाही जड गेलं.

त्यानं मला बसायला प्लॅस्टिकचा क्रेट दिला. चहा मागवला. बराच वेळ आम्ही मास्तरांविषयी बोललो. त्यांच्याकडून कीबोर्डचे किती शॉर्टकट शिकला ते तो सांगत होता. मी निघताना म्हणाला, "साहेब, राग नाय हां. पण त्या दिवशी तुम्ही सहा तास मला विचारत होता, का केलंस, का केलंस. ते नक्की कधी झालं, हे तुम्ही कोणालाच विचारलं नव्हतं. मास्तरांनी आधी तेवढंच शोधलं."

 पुढची तीन वर्षं नोकरीत होतो. हाताखालच्या प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाला संशयितासमोर बसवण्याआधी मी एकच विचारत असे: "कधी झालं, ते माहीत आहे तुला?" नाही म्हणाला, की आधी ते शोधून काढायला त्याला बाहेर पाठवत असे.