रशीदभाईंच्या खोक्यावरचं कुंकू

रशीदभाईंची लेक नसरीन दारात उभी होती, हातात पिशवी. "अब्बूंनी ही तुम्हालाच द्यायला सांगितली होती," एवढंच म्हणाली. रशीदभाई जाऊन महिना झाला होता. पिशवीत न बघताच मी ओळखलं... आमच्या दुकानातलं, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं जुनं खोकं.

नव्वदीतली भिवंडी. खाली कापड विणणाऱ्या लूमची खटखट, वर आमची एक खोली आणि एक कॉम्प्युटर. दुकान रशीदभाईंचं, टायपिंग माझं. दुपारी लाइट गेली की लूम थांबायचे, आणि त्या शांततेत ते आपल्या अम्मींची गाणी गुणगुणायचे... हळदीला म्हणायची कोकणी गाणी. अम्मींनी ती आमच्याच खोलीत बसून सांगितली, मी टाइप केली. छापायचं मात्र आज करू, उद्या करू करत राहिलो आणि अम्मी गेल्या.

त्याच वर्षी खंडेनवमीला मी कॉम्प्युटरची पूजा केली. त्याच उत्साहात खोक्यालाही ओलं कुंकू फासलं, तेही नेमकं मागच्या लेबलावर, जिथे सॉफ्टवेअर चालू करायचा नंबर छापलेला होता. पंधरवड्यात हार्ड डिस्क गेली. गाणी फ्लॉपीत शाबूत होती, पण त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडेनात, आणि सॉफ्टवेअर नंबर मागत होतं. कुंकू पुसायला गेले तर आकड्यांची शाईही निघून आली. अगं बाई! मेल्याहून मेल्यासारखं झालं. अम्मींचा आवाज मी माझ्याच बोटानं पुसला होता.

ओळखीचा एकजण म्हणाला, "कॉपी मारून देतो, पाच मिनिटांचं काम." रशीदभाई हसले. "आमच्या मागावरच्या पातळांच्या किनारीची नक्कल झाली तेव्हा अब्बा दोन दिवस जेवले न्हाय. तेच मी दुसऱ्याला करू? ज्यानं बनवलं त्याच्याकडूनच मागू."

बिलाची झेरॉक्स, खरेदीच्या वेळी भरलेल्या नोंदणी कार्डाचा तुकडा आणि कुंकवाची सगळी हकीकत, असं पत्र त्यांनी कंपनीला रजिस्टरनं पाठवलं. उत्तर नाही. मग दुसरं पाठवलं. मी रोज जिन्यात पोस्टमनची चाहूल घेत बसायची.

संक्रांतीच्या सुमारास पाकीट आलं. नोंदणी जुळली होती, नवा नंबर दिला होता. ते एकेक आकडा वाचत गेले, मी टाइप करत गेले... आणि पडद्यावर पहिली ओळ उमटली. रशीदभाईंनी ती हलक्या आवाजात गायली, अगदी अम्मींच्या चालीत. खाली लूम चालूच होते, तरी मला दुसरं काही ऐकू येईना. त्याच आठवड्यात आम्ही गाणी छापायला दिली.

"आता तरी ते उरलेलं कुंकू पुसते," मी म्हटलं.

"राहू दे ताई, पूजेचं हाय ते."

पण मी धसकाच घेतला होता. पुढे दर खंडेनवमीला रशीदभाई ते खोकं माझ्यापुढे सरकवायचे आणि मी आपली लांबूनच हात जोडायची. पुन्हा बोट लावलं नाही.

नसरीन गेल्यावर खोकं बाहेर काढलं. झाकणाच्या आत त्यांच्या अक्षरात नवा नंबर. मागे विटकरी झालेलं कुंकू. आणि तळाला, कोऱ्या जागी, पेन्सिलनं काढलेला रुपयाएवढा गोल. शेजारी लिहिलेलं: 'सुधाताई, कुंकू इथं लावा.'

इतकी वर्षं रशीदभाई ते खोकं माझ्यापुढे का सरकवत होते... कळलं. खंडेनवमीला अजून वेळ आहे. तरी देवघरातून करंडा आणला आणि बोट ओलं केलं.