गेल्या वर्षीचा ढोल

सकाळी आमच्या गावातल्या दुकानावर उभं राहिलं की चार भाषा कानावर पडतात आणि त्यातली एखादी आपली असते. दुकानदार हुशार निघाला. आधी त्याने मोहरीचं तेल ठेवलं, मग सातूचं पीठ, मग वाळके मासे. मोहरीच्या तेलाचा वास आला की मी नाक मुरडायचो. आता पावसाळी हवेत तो आला नाही तर शेजारी कोणी आजारी आहे की काय, असं वाटतं.

लोणी देवकरच्या एमआयडीसीकडे आमचा माळ गेला, त्याच्या थोडं आधी मेंढरंही गेली. खाली पाण्याची सोय झाली होती, म्हणून आम्ही ढोबळी मिरची आणि टोमॅटोकडे वळलो. जिथं मेंढरांचा वाडा होता तिथं मी पाच खोल्या काढल्या. माझे वडील, म्हणजे आबा, म्हणाले, "बरं झालं, जागा रिकामी नसावी." मेंढरांच्या जागी माणसं राहायला आली यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. वाईट वाटलं ते मलाच, पण महिन्याचं भाडं हातात आल्यावर तेही कमी झालं.

येणारा कुठला का असेना, गावाने सगळ्यांना एकच नाव दिलं, भय्या. ओडिशाचा भय्या, बंगालचा भय्या. तिसऱ्या खोलीत झारखंडचा एक तरणा गडी राहायला आला. तोही भय्याच. अंगाने काटक, बोलायला कमी, कंपनीतून आला की पायरीवर बसून राहायचा.

त्याच वर्षी आबांचा उजवा हात गेला. अर्धांगाचा झटका आला, पाय कसाबसा सावरला, हात काही उठेना. घरात खरी पंचाईत झाली ती ढोलाची. आमच्या बिरोबाच्या यात्रेत गजी असते. पांढऱ्या कपड्यातले गडी हातात रुमाल घेऊन रिंगण धरतात आणि ढोलाच्या ठेक्यावर फिरतात. त्या ढोलाचा मान आमच्या घराचा. आबांच्या आधी त्यांच्या वडलांचा. आबांनंतर माझा असायला हवा होता, पण माझ्या हाताला ताल नाही. लहानपणी आबांनी मला बरेच दिवस शिकवून पाहिलं आणि शेवटी "ह्येच्या हातात खुरपंच बरं" म्हणून नाद सोडला. माझ्या मुलाला ताल आहे, पण सुट्टी नाही. तो बारामतीत कंपनीत असतो, जळोचीला फ्लॅट घेतलाय. फोनवर तो दर वेळी म्हणायचा, "शिकतो की, पुढच्या महिन्यात येतो."

आबा कडुलिंबाखाली बाजेवर बसून डाव्या हाताने बाजेच्या लाकडावर ठेका धरायचे. एका संध्याकाळी मी मिरचीचे क्रेट उतरवत होतो आणि ठेका दोन ठिकाणांहून ऐकू यायला लागला. बघतो तर तिसऱ्या खोलीतला गडी पायरीवर बसून उपड्या बादलीवर तोच ठेका वाजवत होता. आबांनी मुद्दाम एक अवघड वळण घेतलं. त्यानेही घेतलं. आबा हसले. झटका आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग रोजचंच झालं. माळ्यावरचा ढोल खाली आला. त्याच्या गावाकडे मांदर नावाचा ढोल वाजवतात, त्यामुळे हात तयार होता, पण आबांना तेवढ्यावर भागत नसे. "कातड्याकडं काय बघतूस? पायाकडं बघ," म्हणून ते ओरडायचे. नाचणारा दमला की ढोल हळू झाला पाहिजे, पोरं तापली की चढला पाहिजे. ढोलवाल्याने रिंगण सांभाळायचं असतं, मेंढरं सांभाळतात तसं. त्याने हे सगळं घेतलं. एकच खोड राहिली. रिंगण उलटं फिरायच्या आधी तो एक थाप जादा टाकायचा.

"ही कुटनं आणलीस?" आबांनी विचारलं.

"घरून," तो म्हणाला.

आबा रागावले. दोन-तीन दिवसांनी म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती. बरी लागती."

वर्षभरात तो आमच्यासारखं बोलायला लागला. "न्हाय वं आबा," असं तो म्हणायचा तेव्हा सणासुदीला आलेली माझी सून तोंडाला पदर लावून हसायची. माझी नातवंडं आबांशी अर्धं इंग्रजी बोलतात आणि आबा मान डोलावतात.

गेल्या वर्षीच्या यात्रेत ढोल त्यानेच वाजवला. गावाला गरज होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. रिंगणात सगळ्यात पुढे माझे चुलते तात्या होते, आबांचे धाकटे भाऊ. सत्तरी उलटली तरी तात्यांचे पाय भल्याभल्यांना हार जात नाहीत. माझ्या मुलाने सगळी गजी मोबाईलवर घेतली. शेवटी आबांनी डाव्या हाताने ढोल वाजवणाऱ्या पोराच्या कपाळाला भंडारा लावला आणि देवापुढे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो माजा उजवा हात हाय." लोकांना वाटलं, आजारी म्हातारा, बोलतोय काहीतरी. त्या पोराला तसं वाटलं नाही. यंदा त्याच्या गावाकडे बहिणीचं लग्न निघालं, ते नेमकं यात्रेच्या आठवड्यात. ढोलासाठी तो गेला नाही. आईशी फोनवर बराच वेळ त्याच्या भाषेत बोलत होता, आणि फोन ठेवल्यावर आबांच्या बाजेजवळ येऊन नुसता बसला.

यंदा उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या. कुणी चोरल्या ते अजून कळलेलं नाही, पण गावाला कळायची गरजही वाटली नाही. यात्रेच्या तोंडावर देवळात बैठक झाली. खोल्या कुणाला द्यायच्या, कुणाला नाही, यावर प्रत्येकजण बोलला. बोलणाऱ्यांत निम्मे माझ्यासारखेच खोल्यांवर जगणारे, त्यामुळे खोल्यांचा विषय हळूच मागे पडला आणि देवाचा पुढे आला. बाहेरच्यांनी रिंगणात यायचं नाही, असं ठरायला लागलं.

मी उठलो. म्हणालो, "तात्या, आबांनी देवापुढं सांगितलंय. आणि ढोल वाजवणार कोण?"

तात्या शांतपणे म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पर आज ढोल दिला, उद्या पालखीला खांदा मागतील. मान तुमच्या घरचा हाय. तू वाजीव."

सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं. मी माझ्या हातांकडे बघितलं. इतका राग आला होता, पण ढोल रागाने वाजत नाही. मी पुन्हा बोललो, जरा मोठ्याने बोललो, आणि लोकांनी ऐकून घेतलं, लग्नात मामाचं भाषण ऐकतात तसं. मग माझाच मुलगा म्हणाला, "आबांचा ठेकाच हवाय ना? गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग हाय माज्याकडं. स्पीकरवर लावू." बैठकीचा जीव भांड्यात पडला. त्या रेकॉर्डिंगमध्ये कुणाचा हात आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याची कुणालाच अडचण नव्हती.

त्या पोराला मीच सांगितलं. तो म्हणाला, "मग मी ड्युटी घेतो." बहिणीचं लग्न मी हे सांगायच्या आदल्याच दिवशी होऊन गेलं होतं. आबांनाही सांगितलं, अगदी सरळ सांगितलं, की तो वाजवणार नाही, मोबाईलवरचा ढोल लावणार आहेत. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, "देवापुढं बोललूय मी. त्ये येतंय बग."

यात्रेच्या दिवशी आबांना देवळाच्या कट्ट्यावर खुर्चीत बसवलं. मोतीबिंदूमुळे त्यांना लांबचं दिसत नाही, पांढरं रिंगण तेवढं दिसतं. मुलाने स्पीकर लावला. ढोल सुरू झाला आणि रिंगण उलटं फिरायच्या आधी ती जादा थाप आली.

आबांनी माझा हात धरला. "म्हणलं न्हवतं तुला? आलं का न्हाय पोरगं?"

"आबा, त्यो स्पीकर हाय," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला पुन्हा सांगवेना.

ढोल चढत गेला. गेल्या वर्षी रिंगणात तरणी पोरं जास्त होती, त्यांच्या पायांवर तो चढवलेला होता. यंदा त्यातली निम्मी पुण्याला कामाला गेली होती. तात्या पुढे होते. त्यांचा रुमाल खाली यायला लागला, मग पाय चुकला. ते सावरले, पण चेहरा लाल झाला होता आणि तोंड उघडं पडलं होतं. मोठ्या माणसाला नाचताना कुणी थांबवत नाही, तसा आमच्यात रिवाज नाही. ढोलच हळू होतो आणि म्हाताऱ्या माणसाची अब्रू राखून त्याला बाजूला करतो.

आबांना तात्यांचे पाय दिसत नव्हते, पण जमिनीवर पडणारी पावलं त्यांना ऐकू येत होती. ते अस्वस्थ झाले. माझा हात ओढून म्हणाले, "त्येला म्हणावं, हळू घे. धाकल्याला दम लागलाय."

मी वर बघितलं. रस्त्यापलीकडे कमानीबाहेर तो उभा होता, कंपनीच्या निळ्या शर्टात, छातीशी डब्याची पिशवी धरून. बस अजून आली नव्हती. तो तात्यांच्या पायांकडे बघत होता आणि त्याचा हात डब्यावर हळू, आणखी हळू पडत होता.

"सांग की त्येला," आबा म्हणाले.

स्पीकरवर त्याचा ढोल आणखी चढला.