तोंडावर हात

आमच्या घरात गुपित हळू आवाजात सांगायची पद्धत नव्हती, तोंडावर हात ठेवून सांगायची होती. लग्नानंतर माझा नवरा पहिल्यांदा राहायला आला, तेव्हा त्याला वाटलं की या घरात सगळ्यांचीच दाढ दुखते. मग मी त्याला समजावलं. भिवंडीत मागाच्या कारखान्याला चिकटून घर असलं की कोणी ऐकेल याची धास्ती नसते, कारण ऐकू कोणालाच जात नाही. धास्ती असते ती कोणी बघेल याची.

बाबांचा कारखाना शेलारच्या रस्त्याला होता, चोवीस लूमचा. घर आणि कारखान्याच्या मध्ये फक्त एक भिंत. लूम चालू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला अर्धंच कळतं, म्हणून मागावरची माणसं ओठ बघून बोलणं ओळखायला शिकतात. बाबा त्यातले उस्ताद. तरुणपणी खारबावहून येऊन त्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या शिफ्ट केल्या, मग स्वतःचे चार लूम टाकले, मग चोवीस. तोवर दोन्ही कान जवळजवळ गेले होते. मी हट्टाने कानाचं मशीन आणून दिलं. ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. "सगली खडखड आत घेते गो ती," म्हणाले. मी चिडले, चार शब्द बोलले. मशीन देव्हाऱ्यातच राहिलं, आई त्यालाही रोज फूल वाहायची.

ओठ वाचण्यावरून त्यांनी लोकांना काय काय भंडावलंय! दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या हळदीला मांडवाच्या पार त्या टोकाला दोन लांबच्या आत्या जेवत होत्या. एक दुसरीला म्हणाली, मटणात नुसते बटाटेच आहेत. बाबा या टोकाला वाढप्यांवर लक्ष ठेवत उभे होते. दुसऱ्या दिवशी त्या दोघींच्या घरी मटणाचा एकेक डबा पोहोचला, बटाट्याशिवाय. त्यानंतर त्या आत्या आमच्याकडे कधीही आल्या की तोंडावर पदर धरूनच जेवल्या.

धंदा त्यांनी जीव ओतून केला, पण त्यांचा जीव खरा घरात. दुपारी एक वाजता कारखाना कारीगरांवर सोडून ते पाटावर येऊन बसायचे आणि सगळे बसल्याशिवाय पहिला घास घ्यायचे नाहीत. माझं लग्न होऊन मी ठाण्याला गेले, तरी एकचा नियम सुटला नाही. बरोबर एकला फोन यायचा. "बाय, जेवलीस?" मी काय उत्तर दिलं ते त्यांना ऐकू यायचं नाही, तरी विचारायचे आणि समाधानाने ठेवून द्यायचे. पुढे व्हिडिओ कॉल आले आणि माझी पंचाईत झाली. मी "हो" म्हणायचे आणि ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचे, "खोटा बोलतेस. ओठ सुकलंत तुझं."

शुक्रवार भिवंडीतल्या कारखान्यांचा सुट्टीचा दिवस. त्या दिवशी बाबा कोणाच्या बैठकीला जायचे नाहीत की कोणाच्या गोदामाच्या उद्घाटनाला. सकाळी खारबावला जाऊन खाडीवरून चिंबोऱ्या आणायचे, स्वतः साफ करायचे, आणि आई तांदळाच्या भाकऱ्या करत असताना तिच्यासमोर नुसते बसून राहायचे. लूम बंद असल्यामुळे त्या दिवशी आई त्यांच्याशी साध्या आवाजात बोलायची. त्यांना ऐकू तसंही येत नव्हतं. पण तिचं तोंड बघत बसायला त्यांना आवडायचं.

असा माणूस पोट दुखतंय म्हणून पहिल्यांदा घास ठेवून उठला, तेव्हाच मला चरका बसला होता. तपासण्या ठाण्यात केल्या. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांशी मीच बोलले आणि तशीच भिवंडीला गेले. कारखान्याच्या कोपऱ्यात काचेची केबिन आहे, सगळे लूम एका नजरेत दिसावेत म्हणून बाबांनीच बांधून घेतलेली. दादा तिथे बसला होता. मी आत गेले, दार लावून घेतलं.

"ऑपरेशनची वेळ टळून गेलीय," मी म्हणाले. "सहा महिने धरून चला, म्हणतात डॉक्टर."

दादा खुर्चीतून उठेचना. मी मात्र कामाला लागले. माझा स्वभावच तसा, रडू आलं की मी हुकूम सोडायला लागते. आवाज अगदी खाली आणून मी त्याला म्हणाले, "हे बघ, बाबांना समजता कामा नये. समजलं तर आजच हातपाय गाळतील. अल्सर आहे म्हणून सांगायचं. आईला मी बघते."

बाबा बाहेर सातव्या लूमपाशी कापड चाचपत उभे होते. त्यांनी मान वर करून केबिनकडे पाहिलं. मी हसले आणि हात हलवला. त्यांनीही हलवला.

त्या दिवसापासून आमचं नाटक सुरू झालं. आईला खरं सांगितलं, ती देव्हाऱ्यासमोर तासभर बसली आणि उठली ती डोळे पुसूनच. "त्यांना मी कळू देणार न्हाय," म्हणाली. आणि खरंच, काय काम केलं तिने! हसून वाढायची, जुनी भांडणं उकरून काढायची, "अल्सरवाल्यांनी तिखट खाऊ न्हाय," म्हणून त्यांच्या पुढ्यातलं लोणचं उचलायची. बाबाही मुकाट ऐकायचे. आयुष्यभर डॉक्टरांशी हुज्जत घालणारा हा माणूस आता गोळ्या न विचारता गिळत होता, आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी स्वतःवर खूश होते. मी नसते तर या घराचं काय झालं असतं, असं मला वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

मध्येच त्यांनी गॅसचं पुस्तक आईच्या नावावर करून घेतलं. गच्चीच्या जिन्याला कठडा बसवला, कारण आईचे गुडघे दुखायचे. दादाला रोज तासभर शेजारी उभं करून कुठला लूम कुठे अडतो ते दाखवलं. मी वैतागून म्हणाले, "बाबा, आत्ता आराम करा ना! ही कामं पळून चाललीत का?"

"आता वेल हाय, तं करून घेतो," एवढंच म्हणाले.

पाचव्या महिन्यात ते बाहेरच्या खोलीतल्या पलंगावरून उठेनासे झाले. असाच एक शुक्रवार होता. लूम बंद. आई आत भाकऱ्या थापत होती, मी बाबांच्या उशाशी बसून माझं ठरलेलं गाणं लावलं होतं. अल्सर आता बरा होत आला, पुढच्या महिन्यात सगळे माथेरानला जाऊ, तुम्ही घोड्यावर बसा, मी मागून चालेन. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी हात उचलला. हात नुसता हाडं राहिला होता, पण बोटांवर सुताने पडलेले घट्टे तसेच होते. तो हात त्यांनी माझ्या तोंडावर ठेवला.

मला वाटलं, बडबड बंद कर म्हणतायत.

"केबिनमधी ह्यो ठेवायला इसरलीस," ते म्हणाले.

मला क्षणभर काही कळलं नाही. मग एकदम कळलं. काच. सातवा लूम. लूमच्या खडखडाटात, दार बंद करून, मी आवाज खाली आणला होता. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये बारा वर्षं राहून मला तीच सवय लागली होती. आणि माझं अख्खं तोंड बाबांच्या समोर होतं. ज्यांनी मांडवाच्या टोकावरून बटाटे वाचले, त्यांच्यासमोर!

मला रडू फुटलं आणि रागही आला. स्वतःचा, त्यांचा, सगळ्यांचाच. "मग बोलला का नाहीत? पाच महिने!"

"तूच सांगितलास ना दादाला, बाबांना समजता कामा नये." त्यांना धाप लागली. थांबून, अगदी बारीक हसून म्हणाले, "मंग? न्हाय समजला."

मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. दुसरं काय करणार होते? त्यांनी डोळ्यांनीच स्वयंपाकघराकडे खूण केली. "तुझ्या आयशीला सांगू नको. मना म्हाईत न्हाय, एवढ्यावरच ती उभी हाय."

तेवढ्यात आई पिठाचे हात तसेच पदराला पुसत बाहेर आली. माझे डोळे बघून दचकली. "काय झालं गो?"

बाबांनी सगळा जीव एकवटून मोठ्याने सांगितलं, "माथेरानला जायाचा म्हणते ही. घोड्यावं बसवते मना!"

"बसा बसा," आई म्हणाली, "आधी अल्सर बरा करा." आणि आत जाऊन तिने भाकरी उलटली. तिला किती हायसं वाटलं होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

तीन आठवड्यांनी बाबा गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच गोष्ट सांगायची, दुःखात असूनही मान ताठ करून. "शेवटपर्यंत त्यांना कळू दिलं न्हाय मी. सुखात गेले." पुढची सहा वर्षं ती हे सांगत होती, लग्नकार्यात, दवाखान्यात, भाजीवाल्याजवळसुद्धा. तिने सांगायला सुरुवात केली की मी शेजारी तोंडावर हात ठेवून बसायचे. लोकांना वाटायचं, पोरगी हुंदका दाबतेय.

मागच्या महिन्यात आईही गेली. म्हणून आज हात काढला.