वरचं पाणी

पाण्याची बाटली काउंटरवर ठेवण्याआधी काका ती ट्यूबलाइटसमोर धरायचे, एक डोळा मिटून आरपार बघायचे आणि मग माझ्याकडे वळून ठरलेलं वाक्य म्हणायचे, "वरचं पानी हाय, डाक्टर. खालचं टिपूस नाय."

मी डॉक्टर नाही. पनवेलच्या बाजारपेठेत एका पहिल्या मजल्यावर पाणी तपासण्याची प्रयोगशाळा आहे, तिथे मी नोकरी करतो. पहिल्या वर्षी हे मी त्यांना तीनदा सांगितलं. ते मान डोलवायचे आणि निघताना "येतो, डाक्टर" म्हणायचे. पांढरा कोट घातलेला माणूस खोटं बोलत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. तो समज मलाही हळूहळू आवडायला लागला होता, हे इथेच कबूल करून टाकतो.

काका उलव्याकडच्या एका गावचे. मिठागर गेलं, भातशेती गेली, त्या जागेवर मुलांनी इमारती उठवल्या. दारात दोन गाड्या असून काका मात्र बाटली मांडीवर धरून रिक्षाने यायचे. घरामागचं तळं तेवढं त्यांनी सोडलं नव्हतं. ते बुजवलं तर पार्किंग होईल, असं मुलं म्हणाली, तेव्हा काकांनी खुर्ची उचलून तळ्याच्या बांधावर नेली. "आधी माज्या अंगावर भराव टाका," म्हणाले. ती खुर्ची मग कायम तिथेच राहिली.

पूर्वी खाडीच्या भरतीचं पाणी उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून तळ्यात यायचं. पुढे टँकरवाले खाडीत नाही नाही ते सोडायला लागले, तेव्हा काकांनी ते दार सिमेंटने कायमचं लिंपून टाकलं. गटाराचं पाणी येऊ नये म्हणून बांध छातीइतका उंच केला. राहिला फक्त पाऊस. "आबालातून येतं, त्याला कोन बाटवनार?" असं ते मला विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत. एका वर्षी तर घरचा गणपतीसुद्धा त्यांनी तळ्यात बुडवू दिला नाही, नगरपालिकेच्या हौदाकडे पाठवला. बायको आठ दिवस बोलली नाही. "देव समजून घेतो, मासा नाय घेत," हे त्यावर त्यांचं म्हणणं.

मासा म्हणजे जिताडा. आमच्याकडे हा मासा बाजारासाठी नसतो, मानासाठी असतो. जावयाला, व्याह्याला, नड भागवणाऱ्या साहेबाला तो पोचवायचा. काकांच्या घरी आणखी एक पद्धत होती. लेकीचं लग्न झालं की त्या पावसाळ्यात तिच्या नावाने जिताड्याची पिल्लं तळ्यात सोडायची. त्यांना जाळं लावायचं नाही. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की ते मासे तिचे. काकांच्या लेकीला दिवस राहायला सात वर्षं लागली. दवाखाने झाले, नवस झाले. तळ्यातले मासे मात्र वाढत राहिले. "जेवढी थांबली तेवढा तिचा मासा मोठा," असं म्हणून काका तिची आणि स्वतःची समजूत घालायचे.

दरवर्षी मी त्यांचं पाणी तपासत होतो. खारटपणा, जंतू, नेहमीचं सगळं. दरवर्षी शेरा लिहीत होतो, 'उत्तम'. ते कागद काकांनी काचेच्या चौकटीत बसवून पडवीत ओळीने लावले होते, देवांच्या तसबिरींच्या शेजारी.

एका सकाळी ते बाटलीऐवजी स्टीलचा डबा घेऊन आले. लेकीला सहावा महिना लागला होता आणि आनंदाने त्यांना एका जागी उभंही राहवत नव्हतं. "मदली तुकडी हाय, डाक्टर. शेपटाची नाय." चौथ्या महिन्यापासून ती माहेरी होती आणि आठवड्यातून तीनदा तिच्या ताटात तिचा जिताडा पडत होता.

त्याच आठवड्यात आमच्याकडे पारा मोजायचं नवं यंत्र आलं होतं. कारखान्यांचे नमुने येईपर्यंत हात बसावा म्हणून मी डब्यातली एक तुकडी यंत्राला दिली. उरलेल्या घरी नेल्या, तळल्या आणि बोटं चाटत खाल्ल्या.

आकडा मर्यादेच्या कितीतरी वर आला. मला वाटलं, यंत्र नवं आहे, चुकलं असेल. परत केलं. मग नळी धुऊन परत केलं. खात्री करून घेण्यात मी तीन दिवस घालवले. त्या तीन दिवसांत तिने दोनदा मासा खाल्ला. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच हिशेब केला आणि तो अजून डोक्यातून जात नाही.

मग बांधावर काकांच्या खुर्चीशेजारी मी उकिडवा बसलो आणि सांगितलं. पारा, तापमापकात असतो तो.

"तो चकाकतो. दिसला असता," काका म्हणाले.

हा दिसत नाही, मी म्हणालो. कोळसा जळतो, कारखाने चालतात, त्यांच्या धुरातून तो हवेत जातो. इथल्या धुरातून, लांबच्याही. मग धुळीबरोबर, पावसाबरोबर खाली उतरतो. पाण्यात नावालाच असतो, चिखलात मुरतो, तिथून बारक्या माशात जातो, बारक्यातून मोठ्यात. मासा जितका जुना तितका त्यात जास्त. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो वाईट. तिला आजपासून हा मासा देऊ नका.

काकांनी मान वळवून त्या लिंपलेल्या दाराकडे बघितलं. "वरून येतो?"

"वरून."

"मंग मी हितं खाली काय राखत बसलो?"

याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर मला सांगा.

त्या दिवसापासून घरात मासा बंद झाला. काकांनी तळ्यातले उरलेले सगळे जिताडे काढले आणि बांधाच्या कडेला खड्डा करून चुना टाकून पुरले. लोक मागायला आले. फुकट नाही तर नाही, विकत द्या म्हणाले. काका नुसते हात जोडत राहिले.

पुढचं त्यांनी केलं ते बघवत नव्हतं. ट्रकवाल्यांकडच्या निळ्या ताडपत्र्या आणून त्यांनी आख्ख्या तळ्यावर छप्पर घालायला घेतलं. बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या. पाऊस आला की ताडपत्रीला पोट सुटायचं, मग ती फाटायची आणि साठलेलं सगळं पाणी एकदम तळ्यात कोसळायचं. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचे. तळ्यात एकही मासा नव्हता. मी तसं म्हणालो, तर म्हणाले, "माजं काम ऱ्हायलं होतं, डाक्टर. वरचं बगायचं ऱ्हायलं होतं."

नात झाली. वजन ठीक, रंग गोरा. मान धरायला तिने फार वेळ घेतला, बसायला त्याहून जास्त. डॉक्टर, म्हणजे खरे डॉक्टर, म्हणाले की कारण नक्की सांगता येत नाही, पाऱ्याने असेल, नसेलही. काकांना ते 'नसेलही' कधी ऐकूच आलं नाही. ते बाटली घेऊन यायचे थांबले. मागच्या उन्हाळ्यात बांधावर दोरी ताणतानाच छातीत कळ आली आणि गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा पावसाळा लागला होता. तळ्यावर निळ्या चिंध्या लोंबत होत्या. लेक पडवीच्या कडेला मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या डोक्यावर भिंतीला माझे सगळे 'उत्तम' ओळीने होते.

"बाबांनी ते काढू दिले नाहीत," ती म्हणाली. मग शांतपणे विचारलं, "आधीच्या बाटल्यांमध्ये तुम्ही हे बघितलं नव्हतं का?"

"नाही. बघितलं नव्हतं."

तिने मान हलवली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. इकडचं तिकडचं बोलताना तिने सांगितलं की मुलगी अडीच वर्षांची झाली तरी कशाला हात घालत नाही. खेळणं समोर धरलं तरी नुसती बघते. ज्या दिवशी आपणहून हात पुढे करील त्या दिवशी मला फोन करा, असं दवाखान्यातल्या बाईंनी सांगून ठेवलंय.

तेवढ्यात पाऊस आला. पागोळ्या गळायला लागल्या. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिचा उजवा हात हळूहळू उचलला गेला, बोटं उघडली आणि पाण्याच्या धारेकडे गेली.

आईने तो हात झटकन आत ओढला आणि पदराने खसाखसा पुसला.

पावसाचं पाणी हाताला लागून काही होत नाही, हे मला माहीत आहे. मी तोंड उघडलंही होतं. पण माझ्या सह्या भिंतीवर होत्या, आणि तिने माझं का ऐकावं?